देवभाताचा टब : तिसऱ्या पावसाळ्याचं अपडेट

मंडळी, लोंब्या आल्या की लिहीन म्हणालो होतो, तर लोंब्या आल्या आणि निम्म्या गळूनही गेल्या, म्हणून आता लिहायलाच बसलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, गच्चीवर शेजारी शेजारी दोन टब, एकात वाडा कोलम, दुसऱ्यात देवभात, म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारा जंगली भात, ऋषिपंचमीला खातात तो. मित्राच्या गावच्या तळ्यातला मूठभर सालासकट आणलेला. कूस, म्हणजे दाण्याच्या टोकाचा केसासारखा काटा, हीऽ लांब, तांदूळ लालसर, आणि पिकला की टपकन खाली. एका लोंबीतलं सगळं एकदम पिकतही नाही, शेंड्याचे दाणे गळतात तेव्हा बुडाचे अजून दुधात. पहिल्या वर्षी एका रविवारी विळा घेऊन गेलो, जेमतेम दोन चमचे हाती लागलं. बाकीचं टबातच पडलं आणि पुढच्या जूनमध्ये आपलं आपण उगवलं, त्याला माझी गरजच नव्हती!

पण ते दोन चमचे मी वेगळ्या टबात पेरले, आणि सगळी गंमत इथेच आहे. जे गळलं नाही तेच हाती आलं, हाती आलं तेच पेरलं, म्हणजे मी न ठरवताच निवड करून बसलो. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी वेगळं काय केलं? चीनच्या झेजियांगमध्ये तियानलुओशान नावाची जागा आहे, तिथे सापडलेल्या जुन्या भातात न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ वर जायला साधारण ३०० वर्षं लागली. आणि मी तिसऱ्या पावसाळ्यात निकाल मागतोय.

तर यंदा त्या टबात एका रोपाची लोंबी गळेचना. हलवली, टिचकी मारली, ढिम्म. दोन दिवस मी हवेत, घरात सगळ्यांना गच्चीवर नेऊन दाखवली. मग नीट बघितलं तर कूस आखूड, दाणा सोलला तर आत पांढरा शुभ्र, आणि ओल्या फडक्यात ठेवल्यावर चार दिवसांत मोड. देवभात असा लगेच उगवत नाही हो, त्याला महिनोन् महिने झोपायचं असतं. म्हणजे हा तर शेजारच्या कोलमचा नातू! पहिल्या वर्षी परागकण उडाले, दुसऱ्या वर्षी संकर झाला तो गळणाराच निघाला कारण गळण्याचा गुण वरचढ, आणि आता तिसऱ्या पिढीत आजोबांचा गुण उघडा पडला. भात बहुतेक स्वतःच्याच परागांवर भागवतो म्हणून मी निर्धास्त होतो, जंगली भात तेवढा सोवळा नाही हे विसरलो.

छत्तीसगडकडे शेतकऱ्यांना हाच त्रास. तिथे जंगली भाताला करगा म्हणतात, रोप असताना पिकातून ओळखू येत नाही. म्हणून जांभळ्या पानांचा भात लावायची युक्ती काढली, हिरवं दिसेल ते उपटायचं. काही वर्षांत संकर होऊन करगाही जांभळा, कारण हिरवे तर आपणच उपटून टाकलेले.

पुढच्या वर्षी कोलमचा टब दुसऱ्या गच्चीवर, मेहुण्याला विचारून झालंय. न गळणाऱ्या रोपाचे ४१ दाणे डबीत ठेवलेत, ते वेगळे पेरणार. आणि ऑक्टोबरात बाहेरगावी जाणं बंद, गळायच्या दिवसांत रोज सकाळी चहाआधी गच्चीवर हजेरी लावावी लागते.