घरच्या गव्हाला केंद्राचा दंड

मी राहतो त्या ओहायोतल्या डेटन शहराजवळ रॉस्को फिलबर्न नावाचा एक शेतकरी होता. दुभती जनावरं, कोंबड्या, दूध-अंड्यांची विक्री आणि जोडीला थोडा गहू. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून केंद्र सरकारने 1938 च्या कायद्याखाली कोणी किती पेरायचं ते ठरवून दिलं होतं. फिलबर्नच्या वाट्याला आले 11.1 एकर, त्याने पेरला 23 एकरांवर. जादा निघालेल्या 239 बुशेलांवर (हे इथलं धान्याचं माप) 117 डॉलर 11 सेंट दंड बसला. त्याचं म्हणणं, गहू माझ्या कोंबड्या खाणार, दळून आम्ही खाणार, उरेल तो बियाण्याला. वॉशिंग्टनचा संबंध काय?

संबंध सुप्रीम कोर्टाने 1942 मध्ये जोडून दिला, तोही एकमताने. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, नियम करता येतात. घरचा गहू खाणारा बाजारातून घेत नाही, असे अनेक जण निघाले की देशभरच्या भावावर परिणाम होतो, म्हणून घरचा गहूही त्या व्यापारातच आला! बादरायण संबंध म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये राज्यघटनेची खिशात मावेल एवढी पुस्तिका असते. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की तो पहिल्या अनुच्छेदाचं आठवं कलम उघडतो आणि बोट ठेवून वाचतो: कर, कर्ज, नाणी, टपाल, सैन्य... अठरा बाबी. यात नाही ते वॉशिंग्टनकडे नाही, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे. 1791 ची दहावी दुरुस्ती हेच सांगते. आपल्याकडे उलट आहे. कोणत्याच सूचीत नसलेला विषय कलम 248 प्रमाणे संसदेकडे जातो. कांद्याची निर्यात बंद झाली की लासलगावात लिलाव बंद पडतात, पण ‘दिल्लीला हा अधिकार दिला कोणी’ असं कोणी विचारत नाही. भाव विचारतात. परदेशी व्यापार केंद्राकडे आहे हे सगळ्यांनी धरलेलंच आहे.

हा सहकारी ओरिजिनॅलिस्ट. 1787 मध्ये मसुदा झाला तेव्हा लोकांनी शब्दांचा जो अर्थ घेतला असता तोच आजही चालवायचा. बदल हवा तर घटनादुरुस्ती करा, न्यायाधीशांनी अर्थ ताणू नये. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्ण बायकांचा खटला आला. राज्याच्या कायद्याने परवानगी असलेला, घरापुरता गांजा, पण केंद्राची त्यावर बंदी. या पंथाचे म्होरके न्यायमूर्ती स्कालिया केंद्राच्या बाजूने गेले. न्यायमूर्ती थॉमस यांनी मात्र विरोधी मत लिहिलं: विकला नाही, राज्याबाहेर गेला नाही, त्यावरही काँग्रेसची सत्ता चालणार असेल तर मर्यादा उरली कुठे?

निकाल केंद्राच्या बाजूने लागला, आणि त्याची झळ आपल्या लोकांना बसते. ओहायोत 2023 च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला, रीतसर दुकानं आहेत. पण इमिग्रेशन केंद्राचं, आणि केंद्राच्या लेखी तो अजून बंदी असलेलाच पदार्थ. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या पोराने ‘इथे चालतं’ म्हणून ओढला आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी कबूल केला, तर शिक्षा झालेली नसली तरी अर्ज अडकू शकतो.

इथवर मी त्या सहकाऱ्याच्याच बाजूने असतो. अडतो तो अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूपाशी. कृष्णवर्णीयांना आत बसू न देणारं हे हॉटेल. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने ते बेकायदा ठरलं, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला तो याच व्यापाराच्या कलमावर, फिलबर्नच्या गव्हाचा दाखला देऊन. हॉटेलात येणारं जवळपास 70,000 डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं ना! माझ्यासारख्या सावळ्या माणसाला इथल्या कुठल्याही हॉटेलात बिनधास्त बसता येतं, त्यात त्या ताणलेल्या अर्थाचा वाटा आहे.

सहकाऱ्याचं उत्तर तयार असतं: त्यासाठी कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती होती की! होती, 1868 पासून. तिच्या आधारे 1875 मध्ये असा भेदभाव बंद करणारा कायदाही झाला होता. 1883 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला. दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी मालकांना नाही, असं म्हणून. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन. तो निकालच चुकीचा होता, असं सहकारी म्हणतो. असेलही. पण 1964 मध्येही कोर्टाने त्याला हात लावला नाही, मांसाच्या बिलाचाच रस्ता धरला.