तक्ता धरणारी पोरं

परवा दुपारी जेवून जरा लवंडले होते, तर भावाची लेक लॅपटॉप घेऊन शेजारी बसली आणि एकटीच खुदुखुदु हसायला लागली. बघते तर गुगल स्लाइड्सच्या एकाच पानावर तीन-चार रंगांचे कर्सर नुसते पळतायत. गटातली पोरं आपापल्या घरून एकदमच आत शिरलेली, कोणी अशोक चौकातून, कोणी जुळे सोलापुरातून, आणि एकानं लॉगिन न करताच लिंक उघडलेली म्हणून त्याच्या नावाच्या जागी कुठलातरी अनामिक प्राणी दिसत होता. हसायचं कारण तेवढंच. विषय मात्र चार हुतात्मे. 12 जानेवारी, म्हणजे त्यांच्या फाशीचा दिवस, जवळ आला की आमच्याकडे सोलापुरात शाळेत हा विषय असतोच, आणि त्याच सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे पोरांचं निम्मं डोकं गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात.

तर धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही नावं एकेक करून पडद्यावर टुणटुण उड्या मारत येत होती. 1930 च्या मे महिन्यात या गावात मार्शल लॉ लागला, पुढच्या जानेवारीत ही चार माणसं येरवड्यात फासावर गेली, आणि ती अशी चेंडूसारखी येतायत. शिवाय धनशेट्टींच्या नावातलं जोडाक्षर त्या फॅन्सी फॉन्टला पेललं नव्हतं, ट चा पाय मोडलेला. मी म्हटलं, अगं हे काय? तर म्हणे, "आत्या, ॲनिमेशन नसलं तर मार्क कापतात."

झालं. मार्कांपुढं आत्याचं काय चालणार.

फोटोसाठी मात्र ती स्वतः चार पुतळ्याला, म्हणजे याच चौघांचे पुतळे आहेत त्या चौकात, जाऊन आली होती, आणि हे मला फार आवडलं. कारण आपण सोलापूरकर 'चार पुतळ्याला सोडा' असं रिक्षावाल्याला म्हणतो, तिथं उतरतो, सुट्टे मोजतो आणि चालायला लागतो, मान वर करून बघतंय कोण.

आमच्या वेळी प्रेझेंटेशन बिझेंटेशन नव्हतं, तक्ता होता. नवी पेठेतून कार्डशीट आणायचं, गुंडाळी करून रबर लावून, आणि ती गुंडाळी सायकलच्या हँडलवर आडवी धरून घरापर्यंत न चुरगळता आणणं हीच निम्मी कसोटी. मग स्केचपेननं चौकटी, पेन्सिलीच्या रेघा पुसताना काळपट झालेले डाग, आणि पहिल्या ओळीत मोठ्ठी अक्षरं, शेवटच्या ओळीला जागा पुरेना म्हणून मुंग्यांएवढी. वर्गात उघडला की तो तक्ता आपोआप परत गुंडाळायचा, म्हणून दोन पोरं दोन बाजूंनी धरायला लागायची. माझं लक्ष कायम त्या दोघांकडं. बोलणारी हुशार, पाठ करून आलेली, बाईंची लाडकी. धरणारे म्हणजे ज्यांना बोलता येत नाही असं वर्गानं ठरवून टाकलेले. तक्त्यामागून नुसती बोटं आणि पाय दिसायचे. एक जण मागं खिशातल्या शेंगा खायचा, हात खाली गेला की तक्ता एका बाजूनं कलायचा आणि बाई ओरडायच्या, "वर धर, वर!" ज्वालामुखी असो की पचनसंस्था, तिरकाच बघितलाय आम्ही.

आता ते सगळं गेलं. पॉवरपॉइंट 1987 चं, म्हणजे म्हातारंच म्हणायचं, 2009 ला प्रेझी आलं ज्यात नुसतं आत-बाहेर झूम होऊन मला गाडी लागल्यासारखं होतं, मग कॅनव्हा, पॅडलेट, काय काय. यातलं मला वाईट काहीच वाटत नाही हां. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले आणि 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं, तेव्हा मोबाइल वाईट वगैरे आमच्या सोलापुरात तरी कोणी बोलू नये.

पण धरणारी पोरं कुठं गेली म्हणून मी मुद्दाम पालकांना बोलावलेल्या दिवशी जाऊन बघितलं. आहेत की. फक्त आता ते लॅपटॉपपाशी बसतात. बोलणारी म्हणते "पुढं", हा बटण दाबतो. हा लवकर दाबतो, ती दबक्या आवाजात म्हणते "थांब बे", हा दोन स्लाइडी मागं जातो. नेट गेलं की स्वतःचा हॉटस्पॉट पण हाच देतो, आणि गटाच्या यादीत नाव याचंच शेवटी. बोलणारी सगळा वेळ आमच्याकडं पाठ करून पडद्यावरचं जसंच्या तसं वाचते, जे आम्हालाही वाचता येतंय, आणि मान वर करून खऱ्या अर्थानं सगळ्यांकडं बघणारा वर्गात एकटा तोच. त्याला एखादा प्रश्न विचारावा, नुसतं "तुला यातलं काय आवडलं रे" एवढं तरी, असं फार वाटलं, पण पालकांनी मध्ये बोलायचं नसतं.

आणि ती शेवटची थँक्यूची स्लाइड! गुलाब, चमचम, वळणदार अक्षरं. फाशीचा विषय असू दे नाहीतर कोरोनाचा, गुलाब ठरलेला. माझं त्या स्लाइडशी जुनं वाकडं आहे. टाळ्या मात्र तिलाच सगळ्यात जास्त पडतात, कारण ती आली की सगळ्यांना कळतं, संपलं, आता डबा खायला सोडणार. असो.