मार्जिन एकाचं, वॉरंटी दुसऱ्याची

फिनलंडच्या आमच्या डिस्ट्रिब्युटरची मेल आली. एका साइटवर पंपाचं सील गळतंय, गिऱ्हाईक वॉरंटी मागतंय. सोबत सिरीयल नंबर. तो सिस्टिममध्ये टाकला, तर पंप निघाला पोलंडच्या डिस्ट्रिब्युटरला विकलेला.

असं का झालं हे शोधावं लागलं नाही. पोलंडची प्राइस लिस्ट झ्लॉटीत, फिनलंडची युरोत. झ्लॉटी घसरला की आमचाच पंप वॉर्सात स्वस्त पडतो, आणि हे खरेदी खात्यातल्या माणसांच्या आमच्याआधी लक्षात येतं. फिनलंडच्या एका कंत्राटदाराने परस्पर वॉर्साला विचारून माल उचलला होता. वॉरंटीत आम्ही फक्त सुटे भाग देतो. माणूस पाठवायचा खर्च आणि मजुरी डिस्ट्रिब्युटरने मार्जिनमधून करायची. म्हणजे पैसे कमावले वॉर्साने, आणि पाना घेऊन जायचं फिनलंडने.

“पोलंडला ठणकावून सांगा, टेरिटरीबाहेर विकायचं नाही,” सेल्स डायरेक्टर म्हणाले. लीगलने लगेच अडवलं. युरोपियन युनियनच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे दुसऱ्याला राखून दिलेल्या भागात जाऊन गिऱ्हाईक शोधायला मनाई करता येते. गिऱ्हाईक आपणहून आलं तर मात्र त्याला परत पाठवायला लावता येत नाही. विक्रीची किमान किंमतही बांधून देता येत नाही. हुकूम सोडायची सोयच उरली नव्हती.

दुपारी तिघांचा कॉल झाला. पोलंडवाले म्हणाले, “कंपनी तुम्ही आहात. काय ते ठरवा, लेखी द्या, मी पाळेन.” फिनलंडवाले म्हणाले, “ठरवण्याआधी आकडे दाखवा.” डायरेक्टर दोघांवरही वैतागले: एक अंग काढून घेतोय, दुसऱ्याचा आपल्यावर विश्वास नाही!

मला तसं वाटलं नाही. डच अभ्यासक हॉफस्टेड यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकात, म्हणजे वरच्याचा अधिकार लोक किती सहज मान्य करतात याच्या मापात, पोलंड 68 वर आहे, फिनलंड 33 वर. आकडे जुळतात खरे, पण ते देशांचे आहेत. समोर दोन व्यापारी होते. माझ्या आधीच्या मॅनेजरने पोलंडला तोंडी कबूल केलेली सवलत वरून फिरवली गेली होती. त्यानंतर कुठल्याही देशातला माणूस लेखीच मागेल.

कॉल थांबवला आणि दोघांशी वेगवेगळं बोललो. फिनलंडकडून त्यांच्या जुन्या कामांचे जॉब कार्ड मागवले: प्रवासाचे तास, कामाचे तास, सगळं वेगळं लिहिलेलं. तेच पोलंडला दाखवले. मजुरीवर त्यांनी हरकत घेतली नाही, घासाघीस केली ती प्रवासावर. “फिनलंडच्या पार उत्तरेला, लॅपलंडपर्यंतचं भाडं माझ्या मार्जिनमधून?” प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं ते असं: सगळ्याच डिस्ट्रिब्युटरांच्या मार्जिनमधून सर्व्हिसचा वाटा वेगळा काढायचा, आणि पंप कुणीही विकलेला असो, जो दुरुस्त करेल त्याला तो वाटा कंपनीने द्यायचा. प्रवासाला कमाल मर्यादा. वरचा खर्च कंपनीचा. वरच्या खर्चाचं ऐकून डायरेक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पंप बंद ठेवून गिऱ्हाईक गमावणं त्याहून महाग होतं.

संध्याकाळी मसुदा गेला. पोलंडने डायरेक्टरांची सही आणि अंमलाची तारीख मागितली. फिनलंडने हिशोब परिशिष्ट म्हणून जोडायला लावला, आणि सहा महिन्यांनी दर पुन्हा तपासायचं कलम घालायला लावलं. “साध्या दरपत्रकावर माझी सही कशाला?” म्हणत डायरेक्टरांनी सही केली.

दोन चलनांतल्या प्राइस लिस्टचा प्रश्न अजून तसाच आहे. फायनान्स त्याला हात लावायला तयार नाही.