वापसा

मागच्या महिन्यात वहिनीचं मिसकॅरेज झालं. तारीख चुकली, टेस्टवर दोन रेघा आल्या, आणि आठ दिवसांत सगळं संपलं, सहावा आठवडापण पुरा नव्हता. तासगावला गेले तर सोप्यात बायका बसलेल्याच, पपई खाल्ली असंल, स्कूटीवरनं रोज सांगलीला जाती मग काय हुणार. वहिनी आत भांडी लावत होती, एकच पेला किती वेळ पुसत होती. आत्तीला म्हणलं जरा हळू बोला की, तर म्हणे तुला काय कळतंय, तुझं लगीन व्हायचंय अजून.

लगीन नसंल झालं, एमएस्सी झालंय ना. रात्री मोबाईलवर शोधत बसले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात अ‍ॅलन विलकॉक्स म्हणून संशोधक, त्यांनी मूल हवं असलेल्या २२१ बायकांची रोज सकाळची लघवी गोळा करून गोठवून ठेवली (घरच्यांना हे कसं समजावलं असंल देव जाणे) आणि एचसीजी, म्हणजे गर्भ रुजायला लागला की लघवीत उतरणारं हार्मोन, कुठल्या दिवशी पहिल्यांदा दिसतं ते शोधलं, म्हणजे गर्भ रुजला कधी ते कळतं. १९९९ ला आलेला पेपर. टिकलेल्यांतले ८४ टक्के गर्भ बीज सुटल्यापास्नं आठव्या, नवव्या नायतर दहाव्या दिवशी रुजलेले. नवव्यापर्यंत रुजले त्यातले १३ टक्के लवकर गेले, दहाव्याला २६, अकराव्याला ५२, त्याच्या पुढं ८२. आता उशिरामुळं गेले, का गर्भच मुळात कच्चा म्हणून उशीर झाला, हे ह्यातनं सांगता येत नाही. लई वेळा क्रोमोसोमचीच गडबड असती. पण स्कूटी कुठंच नाही.

उंदरांवरचं तर अजून भारी. कॉलिन स्टुअर्ट ह्या संशोधकानं १९९२ ला दाखवलं, एलआयएफ नावाचं प्रोटीन नसलेल्या उंदरिणीच्या पोटात चांगले धडधाकट गर्भ नुसते पडून राहतात, रुजतच नाहीत, तेच उचलून दुसरीच्या गर्भाशयात ठेवले की रुजतात. हे प्रोटीन उंदरिणीच्या गर्भाशयाच्या ग्रंथींत गाभणपणाच्या चौथ्या दिवशी, बरोबर रुजायच्या वेळंला वाढतं. अमेरिकेतल्याच सिनसिनाटीचे संशोधक सुधांशू डे यांनी ह्या वेळेवरच आख्खी कारकीर्द घातली. उंदरिणीत रुजायला थोडा जरी उशीर झाला तरी पुढं गर्भांची दाटी होते, पिल्लं कमी होतात, असं त्यांच्या लॅबनं दाखवलं.

सकाळी चहा घेताना आण्णांना हे सगळं सांगितलं. बापाशी असलं बोलताना जरा अवघडल्यासारखं झालं पण बोलले. ते म्हणाले, म्हंजे वापसा की. आणि परड्यातली मूठभर माती उचलून गोळा केला, कमरेएवढ्या उंचीवरनं सोडला. फुटला. "चिकटून राहिला आस्ता तर अजून वल हाय, आणि गोळाच झाला नसता तर पेरायची घात गेली. मधल्या चार दिसात पेरायचं. कवा कवा सगळं करून बी उगवत न्हाय."

आतनं वहिनीचा आवाज आला, ताई, ते बावन्न टक्के कितव्या दिवसाचं म्हणालीस?