एक्झोराची पानं पिवळी का पडतात?

एक्झोराच्या कोवळ्या पानांचा रंग उडाला आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की बहुतेक जण आधी खत वाढवतात. झाड आणखी पिवळं पडतं, कारण दुखणं उपासमारीचं नसतं. पानं हिरवी ठेवणारं लोह मातीत असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही.

हे झुडूप मूळचं कुठलं ते आठवलं की कोडं सुटतं. लाल एक्झोरा, म्हणजे रुक्मिणी किंवा कोकणातली पिटकुळी, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. पश्चिम किनाऱ्यावर जांभ्याच्या सड्यांवर आणि झाडीच्या कडेला ती आपोआप उगवते. तिथला धो धो पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आंबट राहते. झाडाला हवा असलेला सामू (pH, म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) साधारण 5 ते 6. सामू 7 च्या वर गेला की लोह मातीतच अडकून बसतं. (कॉफी आणि अनंत हे तिचे भाऊबंद. अनंताचं रडगाणंही हेच.)

चुना येतो कुठून? बोअरच्या जड पाण्यातून, सिमेंटच्या भिंतीलगतच्या मातीतून, चुनखडीच्या काळ्या मातीतून. आणि हौसेने घातलेल्या राखेतून, अंड्यांच्या टरफलांतून. ही दोन्ही एक्झोराच्या कुंडीत नकोतच. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहा. फसफसली तर चुना नक्की आहे.

तात्पुरता उतारा म्हणजे फवारणी. लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि मग 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर मारा. दुपारच्या उन्हात मारलं तर पानं करपतात, आणि फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग जन्मभर पुरतो. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. नवी पानं हिरवी आली की समजावं लागू पडलं. जुन्या पिवळ्या पानांवरून निकाल लावू नका.

हेच फेरस सल्फेट चुन्याच्या मातीत ओतणं मात्र वाया जातं, लोह लगेच घट्ट होऊन बसतं. मातीत द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे घट्ट होऊन बसू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह घ्या आणि ते रसायन कुठलं ते पुडीवर वाचा. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए महाग पडतं, पण जड पाण्याच्या जागी तेच कामाचं. गंधकाची पूड सामू उतरवते, पण ते काम जिवाणू करतात, म्हणून ओलावा आणि काही महिने लागतात. माती फसफसणारी असेल तर गंधक चुन्यातच खर्ची पडतं. कुंडीतली माती बदललेली बरी. लाल माती, कोकोपीट आणि शेणखत समभाग, कुंडी 12 ते 14 इंची. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं.

पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर असेल तर लोहाला दोष देऊ नका. तिथे नत्र किंवा मॅग्नेशियम तपासा. जुन्या पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके दिसले तर पालाश (पोटॅश) कमी. काळी काजळी दिसली तर पान उलटून बघा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो आणि मुंग्या त्याची राखण करत असतात. कीड गेल्याशिवाय काजळी पुसून उपयोग नाही.

पानं सुधारूनही फुलं नसतील तर कात्री तपासा. गुच्छ फांदीच्या टोकाला येतो. कुंपण चौकोनी दिसावं म्हणून दर पंधरा दिवसांनी शेंडे उडवले तर कळ्याच उडतात. बहर सरला की एकदाच, गुच्छाखाली दोन-तीन पेरं सोडून छाटा आणि मग हात आवरा. ऊन रोज पाच-सहा तास हवंच.

छाटलेल्या अर्धपक्व फांद्या फेकू नका. 10 ते 15 सेंटिमीटरचे तुकडे, वरची दोनच पानं ठेवून, ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचले तर सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. मध्ये उपटून बघितलं तर नाही.