लघवीचा रंग आणि टीबीच्या गोळ्या

ओपीडीत ती बाई आली तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू होऊन 24 दिवस झाले होते. वजन 44 किलो, म्हणजे चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज 3. हिशोब बरोबर होता. तक्रार एवढीच, आठवडाभर जेवण जात नाही, मळमळतं.

"लघवीचा रंग?"

"ती पहिल्या दिवसापासूनच लालसर होते. गोळ्यांमुळे होणार, असं तुमच्याच इथं सांगितलंय की."

सांगितलं होतं खरं. त्या चारांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरून गोळ्या सोडू नका, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. त्या वाक्याआड कावीळ लपली. रिफाम्पिसिनचा रंग गोळीनंतर काही तास गडद, मग उतरत जातो. काविळीत लघवी दिवसभर गडद आणि फेससुद्धा पिवळा. तिला खिडकीपाशी नेलं, कारण ट्यूबलाइटखाली कावीळ हमखास चुकते. खाली बघायला लावून वरची पापणी उचलली. डोळे हळदीसारखे.

रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारा आकडा, 612 आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, 4.2. लक्षणं असताना एसजीपीटी सामान्याच्या तिपटीवर, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर गेलं, की चारांतली यकृताला त्रास देणारी तीन औषधं, आयएनएच (आयसोनियाझिड), रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, त्याच दिवशी थांबवायची. इथे ते पंधरापट होतं, वर कावीळ. अशा दहांतला एखादा रुग्ण दगावतो, म्हणून लगेच दाखल केलं. मधल्या काळासाठी यकृताला फारसा त्रास न देणारी औषधं, इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन, दिली. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह आले.

"दुसरं औषध काही?" "काहीच नाही." तरी पिशवी टेबलावर ओतायला लावली. तापासाठी पॅरासिटामॉल 650, दिवसातून तीनदा. सर्दीची गोळी, तीही तीनदा, तिच्यात पॅरासिटामॉल 500. बेरीज 3,450 मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला 4 ग्रॅमची मर्यादा आहे, पण उपाशी यकृतात ग्लुटाथायॉनचा, म्हणजे औषधाचं विष निकामी करणाऱ्या द्रव्याचा, साठा आटलेला असतो, तिथे ही मात्रा जड जाते. शिवाय गुळवेलीचा काढा. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. पण काढा हे औषध, असं कुणाला वाटतच नाही. डोक्यावर काविळीची माळही होती. ती राहू दिली, बाकीचं बंद केलं.

तीन आठवड्यांनी एसजीपीटी दुपटीखाली आलं. मग औषधं एकेक करून परत सुरू केली: आधी रिफाम्पिसिन, आठवड्याने रक्त तपासून आयएनएच, पुन्हा तपासणी. एकत्रित गोळीत हे जमत नाही, सुटी औषधं मिळवावी लागतात, आणि खरी धावपळ तिथेच झाली. पायराझिनामाइड परत दिलंच नाही. त्यामुळे 6 महिन्यांचा कोर्स 9 महिन्यांवर गेला.