अखेर बॉम्ब सापडला!

अख्खा रविवार कपाटात पडून असलेल्या जुन्या निन्टेन्डो वी या गेम कन्सोलमध्ये गेला. 2006 सालचं मॉडेल, पण अजून ठणठणीत. त्यात होमब्रू, म्हणजे कंपनीबाहेरच्या हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, टाकायचं कधीपासून डोक्यात होतं.

त्यासाठीची लेटरबॉम्ब नावाची पद्धत भारी गमतीशीर आहे. कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस (त्याचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) वेबसाइटवर देऊन फाईल बनवायची, एसडी कार्डवर टाकायची, की वीच्या मेसेज बोर्डवर लाल बॉम्बचं पाकीट येतं. ते उघडलं की झालं! माझं पाकीट काही येईना. दोन तास कार्ड काढ, फॉरमॅट कर, परत घाल. शेवटी लक्षात आलं, आतली बॅटरी मेल्यामुळे कन्सोल अजून 2000 सालात बसलाय, आणि पत्र आलंय काल-परवाच्या तारखेला. तारीख बदलली, मेसेज बोर्डवर एक दिवस मागे गेलो, बॉम्ब हजर. (हसू नका.)

पुढे काळ्या स्क्रीनवर इशारा येतो: यासाठी पैसे मोजले असतील तर तुम्हाला फसवलंय. तिथंच मला हे बनवणारी माणसं आवडली.

आधी बूटमी या होमब्रू टूलने 512 एमबीच्या नँडचा, म्हणजे कन्सोलच्या आतल्या मेमरीचा, बॅकअप घेतला. कंटाळवाणं काम, पण ते टाळू नका. मग एसनेसनाईनएक्स जीएक्स, म्हणजे जुन्या सुपर निन्टेन्डोचे गेम चालवणारा एम्युलेटर, टाकला. त्यात 240पी मोड (जुन्या गेम्सचं कमी रिझोल्यूशन) लावून जुन्या डबा टीव्हीवर गेम सुरू केला. एलईडीवर हेच पिक्सेल पीठ सांडल्यासारखे दिसतात, इथे कसे रेखीव!

या गेम्सची मूळ कार्ट्रिज माझीच आहेत, आधीच सांगतो. आता बॅटरी बदलायचीय, पण छोटा स्क्रू ड्रायव्हर कोणाकडे आहे का?